तबकडीत काय असते? : पेण-रोह्याच्या चार घरांतून ऐकलेला ध्वनिमुद्रणाचा इतिहास



मागच्या खेपेला एकांनी विचारले होते, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेत, आता सीडीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर बोलण्याच्या ओघात येईलच. आधी एक खुलासा. आम्ही आज सतत 'आम्ही' म्हणणार आहोत. तो मानाचा 'आम्ही' नव्हे. पेणचे तिघे आणि रोह्याचे दोघे असा आमचा पाच जणांचा गाणे ऐकण्याचा कट्टा होता. दिवा-रोहा पॅसेंजरने कधी आम्ही तिकडे, कधी ते इकडे. ज्या चुका आज सांगायच्या आहेत त्या पाचांनी मिळून केल्या, म्हणून 'आम्ही'.

विषय असा. गाण्याची साधी सीडी आणि तेच गाणे असलेली महागडी हाय-रेझोल्यूशन तबकडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ, या दोन्ही घरात बसून ऐकल्या तर फरक कळतो का? आणि कळतो असे वाटले, तर तो कशाचा असतो? प्रश्न चैनीचा वाटेल. पण या प्रश्नापायी आमची एक मैत्री तुटता तुटता वाचली आणि एका माउलीचा आवाज जाता जाता थोडाफार वाचला.

सुरुवात जरा लांबून करू. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि बोटीने परत येत. गौहर जान गाणे संपल्यावर इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारत. तिकडच्या कारागिराला हे गाणे कोणाचे ते कळावे म्हणून ही सोय, असे सांगतात. त्या तबकडीवर वेळ किती? जेमतेम तीन मिनिटे. जो राग मैफलीत तासभर मांडायचा तो तीन मिनिटांत बसवायचा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर ही सगळी मंडळी आमच्या वडिलांच्या पिढीच्या घरांत आली ती या तीन मिनिटांच्या दारातून. सुई तबकडीवर टेकली की आधी खरखर, मग गाणे, मग पुन्हा खरखर. चावी द्यायची, सुई बदलायची, आणि लहान मुलांनी हात लावायचा नाही.

त्या खरखरीत काय मावते ते बघा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि तिच्यावर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची ती जुनी, ७८ फेऱ्यांची, साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका. मानवजातीचा आवाज म्हणून जे निवडले गेले ते असे तपशिलाने 'गरीब' मुद्रण होते. निवडणाऱ्यांना खरखर ऐकू आली नसेल असे नाही. त्यांनी गाणे ऐकले.

पुढे १९४८ साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले काढली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. ख्यालाला जरा अंग मोकळे करता आले. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्या गावागावांत पोचली. कॅसेटचे मोठेपण आवाजाच्या दर्जात नव्हते, 'आरईसी' लिहिलेल्या लाल बटणात होते. तोपर्यंत आवाज कोणाचा जपायचा ते कंपनी ठरवत असे. आता ते रोह्यातला एखादा शिक्षकही ठरवू शकत होता. हे बटण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

मग सीडी. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ती जपानमध्ये विक्रीला आली. बारा सेंटिमीटरची तबकडी, चौऱ्याहत्तर मिनिटे. तिच्यात आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात. हा आकडा आला कुठून? तेव्हा एवढी आकडेवारी साठवायला व्हिडिओ टेप हेच सोयीचे साधन होते. टीव्हीच्या चित्राच्या प्रत्येक रेघेत तीन नोंदी बसवायच्या. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला ५० क्षेत्रे आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या २९४ रेघा. ३ गुणिले २९४ गुणिले ५० म्हणजे ४४,१००. अमेरिकी-जपानी पद्धतीत ३ गुणिले २४५ गुणिले ६०, तेही ४४,१००. कानाची गरज भागवणारा आणि दोन्हीकडच्या टीव्हीला चालणारा आकडा, म्हणून तो ठरला. सीडीच्या काळजात असा टीव्ही दडलेला आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण आम्हीही तो वर्षानुवर्षे बाळगला. आम्हाला वाटे, सेकंदाला ४४,१०० नोंदी म्हणजे गुळगुळीत चढणीच्या जागी जिन्याच्या पायऱ्या. नोंदी वाढवल्या की पायऱ्या बारीक होतील आणि स्वर मऊ होईल. हे चूक आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या गणिताने दाखवले आहे की ध्वनीतल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त नोंदी घेतल्या, तर मूळ लहर पुरतीच्या पुरती परत उभी करता येते. बाहेर पडताना पायऱ्या उरत नाहीत. माणसाच्या कानाची वरची सीमा साधारण २०,००० कंपने, तीही तरुणपणी. आमच्या वयाला दहा हजारांच्या पुढे बहुतेक शांतताच आहे. नोंदी वाढवून मिळतात ते जास्त उंच स्वर; आणि ते ऐकायला घरात वटवाघूळ पाळावे लागेल.

दुसरा आकडा १६ बिटांचा. याने ठरतो सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला पल्ला. सीडीत तो सुमारे ९६ डेसिबल आहे. पेणला महामार्गापासून जरा आत, रात्री, पंखा चालू असलेल्या खोलीत मुळातच चाळीसेक डेसिबलचा आवाज असतो. त्याच्या वर ९६ म्हणजे १३६. तेवढ्या आवाजात कान दुखतील, शेजारी येतील ते वेगळेच. २४ बिटांचा कागदावरचा पल्ला १४४ डेसिबल आहे. तो वापरायला घर पेणला असून चालणार नाही. आणि पावसाळ्यात पत्र्यावर आषाढसरी कोसळत असताना तर सोळातले अर्धे बिटसुद्धा आम्हाला पुरून उरतात.

तरीही १९९९ साली सोनी आणि फिलिप्स यांनीच सुपर ऑडिओ सीडी आणली. तिची पद्धत वेगळी. नोंद एकाच बिटाची, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट. पाठोपाठ २००० च्या सुमारास प्रतिस्पर्धी गटाची डीव्हीडी-ऑडिओ आली. २४ बिट आणि १,९२,००० पर्यंत नोंदी. गंमत अशी, की त्याच १९९९ मध्ये नॅपस्टर सुरू झाले. कंपन्या म्हणत होत्या, घ्या, आणखी तपशील घ्या. आणि जग एमपीथ्रीत सीडीहून कितीतरी कमी तपशील आनंदाने ऐकत होते. डीव्हीडी-ऑडिओ काही वर्षांतच मावळली. सुपर ऑडिओ सीडी हौशी लोकांपुरती उरली.

त्या हौशी लोकांत आम्ही होतो.

आमच्या रोह्याच्या स्नेह्यांनी निवृत्तीनंतर आलेल्या पैशांतून तसला प्लेयर घेतला. मुंबईच्या दुकानदाराने सांगितले होते, "काका, यात तंबोऱ्याची जवारी दिसते." दिसते! हा शब्द आम्हाला भारी आवडला. पहिल्या रात्री आम्ही पाचही जण जमलो. हिंदुस्तानी गाण्याच्या तशा तबकड्या आम्हाला फारशा मिळाल्या नव्हत्या, पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्याच जास्त होत्या. आधी सीडी ऐकली, मग नवी तबकडी. एकमत झाले: आधी गाणे खिडकीच्या काचेपलीकडे होते, आता काच निघाली. आमच्यापैकी एकांनी तर त्यावर इथल्या एका मंडळात भाषण दिले. ते एक म्हणजे कोण, ते सांगायची गरज नसावी.

शंका काढली ती स्नेह्यांच्या भाच्याने. मुलगा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, हात इलेक्ट्रॉनिक्समध्ये बसलेला. तो म्हणाला, "मामा, नवी तबकडी सीडीपेक्षा किंचित मोठ्याने वाजते आहे. आणि दोन्हींची मास्टरिंग एकच कशावरून?"

मास्टरिंग म्हणजे काय ते पेणच्या माणसाला पटकन कळेल. एकाच साच्यातून दहा गणपती निघतात. मग एखाद्या कारागिराच्या हाताने डोळ्यांची आखणी होते आणि मूर्ती जिवंत होते. दुसऱ्याच्या हाताने नाही होत. गिऱ्हाईक म्हणते, "हा साचा चांगला." साचा तोच असतो, आखणी वेगळी असते. ध्वनिमुद्रण झाल्यावर त्याचे चढउतार आणि भारीहलकेपणा ठरवून शेवटचा हात फिरवतात ती मास्टरिंग. नव्वदीनंतर पुष्कळ सीडींवर हा हात जड पडू लागला. दुकानात आणि रेडिओवर आपले गाणे उठून दिसावे म्हणून हळू जागाही ओढून मोठ्या केल्या. महाग तबकडी मात्र कानसेन गिऱ्हाइकासाठी, म्हणून तिच्यावर नाजूक हात. तेव्हा आम्ही साच्यांची तुलना करत होतो असे आम्हाला वाटले, प्रत्यक्षात आखणीची करत होतो.

भाच्याने दुसरी कसोटी मांडली. महाग तबकडी एकच. तिचा आवाज एका वाटेने थेट स्पीकरला. दुसऱ्या वाटेने तोच आवाज सीडी-रेकॉर्डरमधून, म्हणजे १६ बिट आणि ४४,१०० च्या गाळणीतून स्पीकरला. दोन्ही वाटांची पातळी मीटर लावून अगदी सारखी केलेली. मध्ये एक कळ, आणि ती पडद्याआड भाच्याच्या हातात. मे महिन्याची रात्र, पंखा बंद, घामाच्या धारा, कुंडलिकेकडून वाऱ्याची झुळूक नाही. आम्ही कागदावर 'थेट' की 'गाळलेला' ते लिहीत गेलो.

निकाल थोडक्यात सांगतो. नाणे उडवून लिहिले असते तरी तेवढेच बरोबर आले असते. ज्यांनी भाषण दिले होते त्यांचे दहापैकी चार. सर्वांत खात्रीने जे लिहिले होते, नेमके तेच चुकले होते.

स्नेही काही बोलले नाहीत. चहा झाला, आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. त्यानंतर तीन महिने त्यांचा फोन नाही. आम्ही काय केले होते? एका माणसाच्या आयुष्याच्या कमाईतला तुकडा त्याच्याच घरात बसून खोटा ठरवला होता. आमचे दहापैकी चार होते, त्यांचे पैसे होते. हे दुःख सारखे नव्हते.

भाच्याची कल्पना स्वतःची नव्हती, ते त्यानेच सांगितले. मेयर आणि मोरन या दोघांनी बॉस्टनमध्ये असाच प्रयोग वर्षभर करून २००७ साली प्रसिद्ध केला होता. ५५४ फेऱ्या, बरोबर उत्तरे २७६. निम्म्यालाही एक कमी. आवाज असाधारण वाढवून अगदी शांत जागा ऐकल्या तेव्हाच गाळणीची सूक्ष्म सरसर कळली. पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अठरा प्रयोगांचे बारा हजारांवर निकाल एकत्र तपासले. ५२.३ टक्के बरोबर. म्हणजे फरक अगदी शून्य नाही; सराव दिलेल्या कानांना तो जरा जास्त सापडतो. पण काच निघाल्याइतका? नाही.

आणि मेयर-मोरन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती आमच्या स्नेह्यांना न्याय देणारी होती. त्यांच्या मते त्या महाग तबकड्यांतल्या बहुतेक सीडींपेक्षा खरोखरच चांगल्या वाजत होत्या. कारण तपशील नव्हे, मुद्रण करणाऱ्यांची काळजी. तर स्नेह्यांनी पहिल्या रात्री ऐकलेले खोटे नव्हते. त्याचे कारण चुकीचे लावले होते.

आता आमचा जुना धंदा जरा करतो. न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाचे लक्षण सांगताना तीन शब्द येतात: अव्यपदेश्य, अव्यभिचारी आणि व्यवसायात्मक. शेवटचे दोन सोपे: न फसवणारे आणि निश्चित. आम्ही तीस वर्षे वर्गात हे शिकवले आणि पहिल्या शब्दापाशी नेहमी घाई केली. अव्यपदेश्य म्हणजे नावाने न घडलेले. या शब्दाच्या अर्थावर टीकाकारांत वाद आहेत. पण रोह्याच्या त्या खोलीत आम्हाला तो एका अर्थी पहिल्यांदा कळला. आम्ही जे ऐकत होतो त्यात तबकडीचे नाव, तिची किंमत, दुकानदाराचे 'दिसते' आणि मित्राचा उत्साह एवढे सगळे मिसळलेले होते. पडदा टाकला तसे नाव गळले, आणि नावाबरोबर फरकही गळला. आम्ही निश्चित होतो, पण अव्यभिचारी नव्हतो.

यात आम्ही पहिले नव्हतो, एवढे समाधान. १९१५ पासून दहा वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर कसोट्या घेतल्या. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार होई, आणि गाते आहे ती बाई की यंत्र हे लोकांनी ओळखायचे. पुष्कळांना ओळखता येत नसे. आज ती मुद्रणे ऐकली तर कोणीही ओळखील. पुढे त्यांतल्याच अ‍ॅना केस या गायिकेने सांगितले की आम्ही आपला आवाज यंत्रासारखा करून गात होतो. प्रत्येक पिढीला आपली तबकडी हुबेहूब वाटते.

तीन महिन्यांनी स्नेही पेणला आले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. म्हणाले, "एवढे कान आहेत ना तुम्हाला? मग हे ऐका." डब्यात सात कॅसेटी होत्या. १९८६ साली त्यांनी टू-इन-वनवर आईच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या होत्या. आई जाऊन वीस वर्षे झाली होती. प्लेयरसाठी त्यांनी लाखाच्या घरात खर्च केला होता, आणि हा डबा माळ्यावर होता.

कोकणातली दमट हवा आणि चुंबकीय फीत यांचे जमत नाही. दोन कॅसेटींवर पांढरी बुरशी होती, फीत एकमेकींना चिकटली होती. भाच्याने हळुवार सोडवायचा प्रयत्न केला तरी त्या गेल्याच. एकीतला अर्धा भाग मिळाला. चार वाचल्या. एकीत माउली मध्येच थांबतात, खोकतात आणि विचारतात, "चालू आहे का रे ते?" त्यांना उत्तर देणारा आवाज आमच्या स्नेह्यांचा, तिशी-पस्तिशीतला. त्या क्षणी ते उठून अंगणात गेले.

आणि इथे मंडळी, तो २४ बिटांचा आकडा परत आला. माउली कधी पुटपुटत, कधी एकदम उंच लावत. आवाज कुठे किती चढेल हे आधी ठाऊक नाही, आणि जीर्ण फीत बहुधा एकदाच चालायची. १६ बिटांत पातळी फार जपून बसवावी लागते. २४ बिटांत डोक्यावर भरपूर मोकळी जागा सोडता येते, आणि नंतर खरखर कमी करायची तर गणिताला वाव राहतो. कॅसेटमध्ये स्वतःमध्ये एवढा पल्ला नसतो. ही सोय हात चुकू नये म्हणून आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही २४ बिट आणि शक्यतो ९६,००० नोंदी अशीच आहे. म्हणजे ते तंत्र खोटे नव्हते, आम्ही ते चुकीच्या खोलीत नेले होते. त्याची जागा दिवाणखान्यात नाही, मुद्रणाच्या टेबलावर आहे. ऐकायला मात्र आम्ही त्या ओव्यांची साधी सीडीच केली, सगळ्या लेकीसुनांना एकेक.

जात्यावरच्या ओव्यांचे मोठे काम महाराष्ट्रात झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या पुष्कळ मुद्रितही केल्या. आज पारी या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. जरूर ऐका. पण त्या संग्रहात तुमची आजी असेलच असे नाही. ती माळ्यावरच्या डब्यात असेल.

एकूण हिशेब असा मांडतो. शंभर वर्षांत तबकडीने आपल्याला तीन गोष्टी दिल्या: आधी वेळ, मग शांतता, मग तपशील. तीन मिनिटांची चौऱ्याहत्तर झाली तेव्हा ख्याल घरात आला. खरखर गेली तेव्हा तंबोरा घरात आला. तिसऱ्या खेपेस आमच्या घरात आला तो मुख्यतः एक आकडा.

आमचे ते स्नेही चार वर्षांपूर्वी गेले. प्लेयर भाच्याकडे आहे, चालतो. आता कट्ट्यावर आम्ही तिघेच. आमच्याकडे एक धडधाकट कॅसेट डेक आणि २४ बिटांचे छोटे यंत्र आहे. तुमच्याकडे घरच्या कॅसेटी असतील तर दोन गोष्टी करा. बुरशी दिसली तर लावून बघू नका, डेकही बिघडतो आणि फीतही जाते. आधी जाणत्याला दाखवा. आणि मुद्रण उतरवून झाले की एका प्रतीवर थांबू नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा, कारण घरी जाळलेली सीडीही कायमची नसते. पुढच्या रविवारी आम्ही इथेच सकाळी दहाला बसतो आहोत. येताना डबा घेऊन या. आणि डब्यावर आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते ते आजच लिहून ठेवा. गौहर जान स्वतःचे नाव सांगून गेल्या, आपल्या आयांनी सांगितलेले नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊ.